मागच्या चाकांची हवा

विट्याहून पुसेसावळीकडं येताना एक मोटारसायकलवाला बराच वेळ जीपच्या मागं-पुढं करत होता. शेवटी तो बरोबरीला आला आणि हात हलवून काहीतरी सांगू लागला. लालासाहेबांना वाटलं, गडी वाट मागतोय. त्यांनी जीप जराशी डावीकडं घेतली, त्याला पुढं जायची खूण केली आणि वेग तसाच ठेवला. मागं ट्रेलर होता, नवाकोरा, पांढरा, पंधरा फुटी. माधवनगरच्या शेडमधून सकाळीच बाहेर काढलेला. शेजारच्या सीटवर मंगल दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली होती.

मोटारसायकलवाला पुढं गेला नाही. आणि तेवढ्यात मागं तोफ उडावी तसा धडाका झाला.

कुणीतरी मागून धरून ओढावं तशी जीप डावीकडं खेचली. ट्रेलरचं शेपूट एकदा इकडं, एकदा तिकडं गेलं. लालासाहेबांनी ब्रेकला पाय लावला नाही. स्टिअरिंग सरळ धरलं, ॲक्सिलेटर हळूहळू सोडला आणि गाडीला आपोआप मंद होऊ दिलं. ती थांबली तेव्हा ट्रेलरचं डावं चाक मोरीच्या कठड्यापासून दोन वितींवर होतं. खाली कोरडा ओढा, आठ-दहा फूट खोल.

मोटारसायकलवाला धावत आला. "काका, दोन किलोमीटर झालं हॉर्न वाजवतोय. मागचं चाक बसलंय तुमचं. ऐकूच येईना व्हय?"

"खिडकीची काच वर होती," लालासाहेब म्हणाले. काच खाली होती.

टायर फुटून त्याच्या रबराच्या पट्ट्या सुटल्या होत्या. त्या चाबकासारख्या खालून बसून ट्रेलरच्या तळाची पाटी फुटली होती, पाण्याचा पाइप तुटला होता. मंगल मागचं दार उघडून आत गेली. छोट्याशा न्हाणीघरातलं बेसिन मधोमध तडकलेलं होतं. ती तिथं थोडा वेळ उभी राहिली, मग बाहेर येऊन जीपमध्ये बसली.

लालासाहेब औंधजवळच्या एका वाडीचे. तोफखान्यात बावीस वर्षं काढून हवालदार म्हणून घरी आले. काम ड्रायव्हरचं, तेही साध्या गाडीचं नव्हे, तोफ ओढणाऱ्या गाडीचं. मागं टनाटनांचं लोखंड लावून त्यांनी बर्फातले घाट चढले होते, वाळूतून वाटा काढल्या होत्या. गावात त्यांना फौजी म्हणत आणि नवी गाडी घेतली की लोक पहिल्यांदा त्यांना चालवून बघायला देत. दहा पावलं चालवली की ते सांगायचे, पुढचं उजवं बेअरिंग गेलंय. आणि ते गेलेलंच असायचं.

ती बावीस वर्षं मंगलनं शेत सांभाळलं, सासू-सासरे सांभाळले, मुलगी शिकवून पुण्याला नोकरीला लावली. रिटायर झाल्यावर सगळा मुलूख दाखवतो, असं लालासाहेब दर सुट्टीत सांगायचे. ते घरी आले आणि चौथ्या वर्षी मंगलच्या आतड्यात गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन झालं. गाठ गेली, जीव वाचला, पण पोटाला डाव्या बाजूला एक वाट ठेवावी लागली आणि तिच्यावर कायमची पिशवी लावावी लागली. पोटातलं सगळं त्या पिशवीत येतं. ती वेळेवर रिकामी करायची, भोवतालची कातडी कोमट पाण्यानं धुवायची, कोरडी करायची, नवी पिशवी चिकटवायची. घरात हे सगळं जमायचं. घराबाहेर कुठं करायचं?

एकदा औंधात भाचीच्या साखरपुड्याला गेली असताना पिशवी सुटली. पदर पोटाशी गच्च धरून मंगल जेवणाच्या पंगतीतून उठली आणि कुणाला काही न सांगता घराकडं चालत निघाली. त्या दिवसानंतर मिरजेची तपासणी सोडली तर ती कुठंच गेली नाही. जावळीत मेढ्याच्या वर तिचं माहेर. तिथं भाऊ नाथाजी दर महिन्याला फोन करायचा, "ताई, कवा येतीस?" ती म्हणायची, "येते की, जरा कामं उरकू दे." दोन वर्षं कामं उरकत नव्हती.

मग लालासाहेबांनी ठरवलं, बाई घर सोडत नसेल तर घरालाच चाकं लावायची. माधवनगरात बंद गिरणीच्या एका शेडमध्ये बाळासो नावाचा त्यांच्याच वयाचा मिस्त्री गाड्यांच्या बॉड्या बांधायचा. भेळेच्या गाड्या, रसवंत्या, एक-दोन फिरते दवाखाने. लालासाहेबांनी त्याला सगळं खरं सांगितलं. बाळासोनं टेप काढला. पुढच्या खेपेला लालासाहेब मंगलची मापं कागदावर लिहून घेऊन गेले. उभं राहिल्यावर पोटाची उंची किती, हात कुठवर पोचतो. त्या मापानं हातात धरायचा नळ बसला, त्याच्यासमोर पोट दिसेल असा खालच्या उंचीला आरसा. गरम पाण्याची टाकी, आतून पक्की कडी. दोन माणसांना झोपायची जागा आणि एक ओटा. आरटीओचे कागद होईपर्यंत सात महिने गेले.

आणि पहिल्याच फेरीत ते घर मोरीच्या कठड्याशी जाऊन थांबलं होतं.

"मी त्यात परत पाय ठेवायची न्हाई," त्या संध्याकाळी घरी आल्यावर मंगल म्हणाली. "माझ्यापायी तुमच्या जिवावर बेतायचं. त्यापरास मी घरात बरी हाय."

लालासाहेबांनी जेवण अर्धं ठेवलं.

तीन दिवसांनी बाळासो सामान घेऊन वाडीवर आला. अंगणात उभ्या ट्रेलरखाली पाठीवर सरकत तो आत गेला आणि बऱ्याच वेळानं बाहेर आला. हातात वाकडा खिळा होता.

"हे बघा फौजी. खिळा लागला मागच्या चाकाला. फुटलं ते त्याच्या पुढचं. एका बाजूला दोन चाकं हायती. एक बसलं की दुसरं त्याचा भार घेतंय. तुमाला पुढं काय बी कळत न्हाई, गाडी सरळ चालती. त्या दुसऱ्यावर दुप्पट वजन, ते तापत जातंय, तापत जातंय, आणि जातंय एकदम."

"मला कळायला पायजे हुतं."

"कुनालाच कळत न्हाई. आता यंत्र मिळतंय. चारी चाकांना टोपणं लावायची, हवा किती, गरमी किती, म्होरं तुमच्या समोर आकडं दिसत्यात. हवा कमी झाली की वाजतंय."

"बाळासो, बावीस वर्सं तोफा वढल्यात मी. बिगर यंत्राच्या."

बाळासोनं हात पुसले. "तोफ वढताना मागं कोन बसायचं?"

लालासाहेबांना आठवलं. मागं तोफेची सगळी तुकडी बसायची. सात-आठ जण. तोफेचं चाक जरा वेगळं डुललं तरी ते गाडीच्या बॉडीवर हात आपटायचे. दोन थापा म्हणजे हळू, तीन थापा म्हणजे थांब. बावीस वर्षांत मागं काय चाललंय हे त्यांना एकट्यानं कधी ओळखावं लागलंच नव्हतं. हे त्यांच्या इतक्या वर्षांत ध्यानातही आलं नव्हतं.

"कसलं यंत्र घ्यायचं?" त्यांनी विचारलं.

मंगलची मिरजेची तपासणी दर सहा महिन्यांनी असायची. त्या वाटेवर पिशवी भरू नये म्हणून ती आदल्या संध्याकाळपासून अन्नाला शिवायची नाही. या वेळच्या तपासणीच्या दिवशीही ती उपाशीच होती. परत येताना लालासाहेबांनी सांगलीत टायरच्या एका दुकानासमोर जीप उभी केली. बाळासो आधीच येऊन थांबला होता. दुकानदार जोतीराम तरुण होता, बोलायला मोकळा. त्यानं मंगलला बसायला स्टूल दिलं आणि काउंटरवर तीन डबे मांडले.

पहिलं यंत्र चाकाच्या आत, रिमला बसणारं. चोरीला जात नाही, आकडे अचूक. पण बसवायला टायर उतरवायचा, आणि आतला सेल संपला की पुन्हा टायर उतरवायचा. "वाटेत कुठं बिघडलं तर कोन उघडणार?" लालासाहेब म्हणाले. तो डबा बाजूला गेला.

दुसरं मोबाइलवर चालणारं. टोपणं हवेच्या तोंडावर बसतात आणि आकडे फोनमध्ये. ते सगळ्यांत हलकं, नीटनेटकं. पण बाळासोनं मान हलवली. "हे म्होटारीला ठीक. हितं मागच्या चाकापासनं तुमच्या फोनपतूर पंचवीस फूट, मधी लोखंडी बॉडी. पोचायचं न्हाई. आणि कुनाचा फोन आला की आकडं गेलं झाकून."

तिसऱ्या डब्यात तळहाताएवढा पडदा होता, चार टोपणं आणि काडेपेटीएवढी एक जादा डबी. ती डबी ट्रेलरच्या तोंडाशी लावायची, म्हणजे ती मागच्या टोपणांचा निरोप उचलून पुढं ढकलते. टोपणांना बाजूला तोंड होतं, म्हणजे ती न काढताच हवा भरता यायची. लालासाहेबांनी एकेक टोपण हातात घेऊन तोललं.

"जड हायती."

"व्हय. म्हनून रबरी वॉल्ववर लावायची न्हाईत," बाळासो म्हणाला. "हालून हालून वॉल्वच चिरायचा. मी पितळी बसवून देतो चारी."

जोतीरामनं एक टोपण दुकानातल्या टायरला लावलं. पडद्यावर पन्नास आकडा आला. "आता बघा काका. बेचाळीसच्या खाली गेलं की वाजायचं, असं लावलंय." त्यानं खिळ्यानं टायरची हवा सोडायला सुरुवात केली. सेहेचाळीस. त्रेचाळीस. एकेचाळीस. आकडा तांबडा झाला.

लालासाहेब पडद्याकडं बघत राहिले. अडतीस झाले. छत्तीस.

"वाजायचं कवा हे?" त्यांनी विचारलं.

जोतीरामचा हात थांबला. त्यानं बाळासोकडं बघितलं.

"काका, वाजतंय की."

"कुठं वाजतंय? बाद हाय हे यंत्र. दुसरं काढ."

कुणीच हललं नाही. रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याचा घरघराट लालासाहेबांना स्वच्छ ऐकू आला. मग त्यांनी वळून बघितलं. मंगल स्टुलावरून उठून उभी राहिली होती आणि त्यांच्याकडं बघत होती.

"आवं," ती हळूच म्हणाली, "लय मोठ्यानं वाजतंय. माझ्या कानठळ्या बसल्यात."

त्यांनी पडदा उचलून कानाशी धरला. पडदा हातात थरथरत होता. आवाज नव्हता.

ते यंत्र काउंटरवर ठेवून बाहेर आले आणि जीपमध्ये जाऊन बसले. एकेक गोष्ट आठवू लागली. कुकरची शिट्टी मंगललाच ऐकू यायची. फोन वाजतोय हे तीच येऊन सांगायची. पाखरांचा किलबिलाट किती वर्षं ऐकला नव्हता, आणि त्यांना वाटत होतं की पाखरंच कमी झालीत. तोफांजवळ काढलेल्या वर्षांनी बारीक, वरच्या पट्टीचे सगळे आवाज कधी नेले ते कळलंच नव्हतं. दोन किलोमीटर हॉर्न वाजवणारा तो पोरगा. दोन किलोमीटर मंगल शेजारी बसलेली.

मंगल येऊन शेजारच्या सीटवर बसली.

"तू ऐकला हुतास हॉर्न? त्या दिवशी?"

"ऐकला."

"मग बोलली का न्हाईस?"

"मला वाटलं, तुमाला ठावं हाय. तुमाला गाडीतलं सगळं ठावं असतंय."

मग लालासाहेब म्हणाले, "विकून टाकू ट्रेलर. मला आता गाडी चालवायचा हक न्हाई."

मंगलनं पदर सारखा केला. आदल्या संध्याकाळपासून पोटात काही नव्हतं, तिचा आवाज बारीक झाला होता, पण ती थांबली नाही. "दोन वर्सं माझी पिशवी तुमी धरलीया. हात दिला, पाणी दिलं, एकदा नाक मुरडलं न्हाई. मला लाज वाटायची तर तुमी म्हणायचात, लाज कसली, शरीराचं काम हाय. आता तुमच्या कानाची येळ आली तर लगेच विकायला निघालासा?"

लालासाहेबांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले.

"आवाज मी ऐकीन. आकडं मी बघीन. पर एक कबूल करा. मी थांबा म्हणलं की थांबायचं. का म्हणून इचारायचं न्हाई, पुढं बघू म्हणायचं न्हाई."

"कबूल."

मंगल खाली उतरली आणि पुन्हा दुकानात गेली. तिनं तिसरं यंत्र परत वाजवून घेतलं. पडदा आपल्या बाजूला, आपल्या डोळ्यांसमोर बसला पाहिजे असं सांगितलं. त्याहून मोठ्या आकड्यांचा पडदा आहे का ते विचारलं. होता. तोच घेतला. त्याच महिन्यात लालासाहेबांनी सांगलीत कान तपासून घेतले आणि कानात घालायची यंत्रं आणली. त्यांच्यामुळं बरंच ऐकू येऊ लागलं, सगळं नाही.

डिसेंबरात ते नाथाजीकडं निघाले. निघण्याआधी, चाकं थंड असताना, मंगलनं चारी आकडे बघून घेतले. पन्नास, पन्नास, एकोणपन्नास, पन्नास. साताऱ्यापर्यंत ऊन वाढलं तसे आकडे चोपन्न-पंचावन्नवर गेले. बाळासोनं आधीच सांगितलं होतं की चाक तापलं की हवा फुगते, त्याला घाबरायचं नाही.

मेढ्याच्या अलीकडं पडद्यावरून दोन आकडे गेले आणि नुसत्या रेघा आल्या.

"थांबा."

लालासाहेब थांबले. चाकं ठीक होती. ट्रेलरच्या तोंडावरल्या जादा डबीची वायर हिसक्यानं निघाली होती. त्यांनी ती घट्ट बसवली. गाडीत येताना ते मनात चरफडत होते, असं दर दहा मैलांनी थांबायचं म्हटलं तर उजाडेल तिथं पोचायला. पण बोलले नाहीत.

केळघरचा घाट चढून गेल्यावर नाथाजीच्या वस्तीकडं एक फाटा उतरतो. एकच गाडी जाईल एवढा रस्ता, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. लालासाहेबांनी दुसरा गियर टाकला. ट्रेलरचं वजन मागून जीपला ढकलत होतं. मागं एक पिकअप आला, स्ट्रॉबेरीच्या रिकाम्या क्रेटांचा. त्याला घाई होती.

यंत्र वाजलं. या वेळी लालासाहेबांनाही कानातल्या यंत्रातून काहीतरी किणकिणल्यासारखं वाटलं, पण कुठून ते कळलं नाही.

"डावीकडचं मागचं," मंगल म्हणाली. "एकेचाळीस. थांबा."

स्टिअरिंगमध्ये काही नव्हतं. सीटखाली काही नव्हतं. गाडी रेषेत उतरत होती. बावीस वर्षांचं सगळं अंग सांगत होतं की काही झालेलं नाही. आणि हा उतार थांबण्यासारखा नव्हता. मागं पिकअप, खाली वळण, हँडब्रेकवर एवढं ओझं धरेल का याची खात्री नाही.

"पुढं सपाट हाय. अर्धा किलोमीटर," ते म्हणाले.

"सदतीस."

"मंगल, हितं थांबलो तर—"

"चौतीस. तुमी कबूल केलंय."

तिचा आवाज वाढला नव्हता. लालासाहेबांनी गाडी कातळाच्या बाजूला घासेपर्यंत घेतली आणि ब्रेकवर पूर्ण वजन टाकलं. टायर किंचित घसरले, ट्रेलरनं मागून एक धक्का दिला, आणि सगळं थांबलं. त्यांचा पाय ब्रेकवर होता. तो उचलायची सोय नव्हती.

"मला उतरता यायचं न्हाई. मागं लाकडी ठोकळं हायती, चाकांच्या म्होरनं लावायचं. पर तू जड उचलायचं न्हाईस."

"ठोकळं किती जड असत्यात," म्हणत मंगल उतरलीसुद्धा.

पिकअपवाला हॉर्नवर हात ठेवून होता. मग तो तणतणत खाली आला, मंगलला उतारावर वाकलेली बघितली आणि त्याचं तोंड बंद झालं. त्यानं तिच्या हातातले ठोकळे घेतले, चाकांखाली पायानं ठोकून बसवले, वर दोन दगड लावले. "सोडा काका पाय. हळू सोडा."

लालासाहेबांनी पाय सोडला. ट्रेलर ठोकळ्यावर टेकला, कुरकुरला आणि थांबला.

मागच्या चाकाला बाजूनं दगडाची चीर पडली होती. हवा अजून निघत होती. पिकअपवाल्यानं ट्रेलरच्याच पुढच्या चाकाला हात लावला आणि चटकन मागं घेतला. "हे तर तव्यासारखं तापलंय," तो म्हणाला. त्याचं नाव आकाराम, खालच्याच वस्तीतला. जॅक लावून त्यानंच स्टेपनी बदलून दिली.

पुढचं चाक निवेपर्यंत थांबायचं होतं. लालासाहेब त्या अर्ध्या किलोमीटरवरच्या सपाटीकडं चालत गेले. मध्ये दोन वळणं होती. दुसऱ्या वळणाचा कठडा पावसाळ्यात ढासळून गेला होता, तिथं नुसती दोन पिंपं उभी करून दोरी बांधली होती. ते दोरीपाशी उभे राहिले. खाली बघितलं नाही. परत आले तेव्हा मंगल ट्रेलरच्या पायरीवर बसून पाणी पीत होती. त्यांनी तिला वळणाचं काही सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "बरं केलंस."

"आता किती हायती आकडं बघून येते," ती म्हणाली आणि उठली.

नाथाजीच्या अंगणात ट्रेलर लागला तेव्हा दिवस मावळत आला होता. नाथाजीनं बहिणीला बघितलं आणि पुढं होऊन तिच्या हातातली सामानाची पिशवी घेतली. रात्री सगळ्यांनी जेवणाचा आग्रह केला. मंगल दोन वर्षांत पहिल्यांदा परक्या ताटावर पोटभर जेवली. भाकरी, वरण, घेवड्याची भाजी. लालासाहेब तिच्या ताटाकडं बघत होते आणि बघतोय हे कुणाला कळू नये म्हणून खाली मान घालत होते.

सकाळी भावजय राहीबाई चहा घेऊन ट्रेलरपाशी आली. मंगल न्हाऊन केस सोडून बसली होती.

"ताई, आत न्हाणी बी हाय व्हय? आणि ह्यो आरसा असा खाली का लावलाय?"

मंगलनं क्षणभर विचार केला. मग तिनं राहीबाईला आत घेतलं आणि दार लावलं. बाहेर लालासाहेब चाकाशी वाकले होते. आत काय बोलणं चाललंय ते त्यांना ऐकू येत नव्हतं. ते तिथून उठून नाथाजीच्या शेताकडं चालू लागले. अर्ध्या तासानं परत आले तेव्हा दोघी पायरीवर शेजारी शेजारी बसल्या होत्या, राहीबाईचे डोळे ओले होते आणि मंगल तिला सांगत होती की फेब्रुवारीत आम्ही राजस्थानला चाललोय, वाळूत चाकांची हवा किती ठेवायची ते अजून विचारायचं आहे.